पुढच्या चाकातलं शिसं

ट्रेंटची गाडी तिसऱ्यांदा उताणी पडली तेव्हा मला हसू आवरेना. आमच्या फार्मिंग्टन गावाबाहेर, चोकचेरी नावाच्या घळीत, वाळूच्या दगडाची एक कमरेएवढी भिंत आहे. त्याची हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी जीप त्या भिंतीवर अर्ध्यापर्यंत चढायची, नाक आभाळाकडे करायची आणि मागच्या मागे कोलमडायची.

"ऊठ ग बाळ, लागलं का?" मी गाडीला विचारलं.

"एलॉय, तुम्ही तर बोलूच नका," ट्रेंट म्हणाला. "तुमची पहिल्या दगडालाच रुसून बसलीय."

ट्रेंट माझा जावई. तेलाच्या विहिरींवर कामाला आहे. दोन आठवडे खाली कार्ल्सबॅडला, दोन आठवडे घरी. लग्नाआधीपासून त्याच्याकडे खरीखुरी मोठी जीप होती आणि ती घेऊन तो अशा जागी चढायचा की बघणाऱ्याने डोळे झाकून घ्यावेत. माझ्या मुलीला, रेनाटाला, दिवस गेले तेव्हा त्याने स्वतःहूनच ती विकली आणि ही छोटी आणली. या गाड्यांना क्रॉलर म्हणतात; त्यांना वेग नसतो. मुंगीसारख्या एकेक दगड चाचपत वर जातात. माझी बायको डेल्फिना गेल्यापासून रविवार मला खायला उठायचा, म्हणून मीही एक घेतली. सासरा-जावई दगडावर बसून खेळण्यांशी बोलतात, याची रेनाटा सगळ्यांना सांगून थट्टा करायची.

त्या दिवशी मी ट्रेंटला म्हटलं, "नाक हलकं आहे तिचं. पुढच्या चाकांत वजन घाल."

"टपावर बांधू का?"

"टपावर बांधलंस तर आणखी लवकर पडेल. वजन चाकात पाहिजे, अगदी खाली. म्हणजे चाक दगडाला धरून ठेवतं."

एकतीस वर्षं माझं टायरचं दुकान आहे. चाकाचं वजन हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. गिऱ्हाइकाच्या चाकावरची जुनी वजनं काढायची, नवी ठोकायची. अलीकडे नवी सगळी लोखंडाची येतात. पण जुन्या शिशाच्या वजनांच्या दोन बादल्या माझ्या बाकाखाली कधीच्या पडून होत्या. सोमवारी मी त्यातल्या, मागे गोंद असलेल्या मूठभर शिशाच्या पट्ट्या ट्रेंटला नेऊन दिल्या. त्याने टायर उतरवले, आतला स्पंज काढला, पुढच्या दोन्ही चाकांच्या कड्यांवर पट्ट्या गोल चिकटवल्या आणि सगळं परत बसवलं. पुढच्या रविवारी जीप भिंतीच्या कडेपर्यंत गेली. कडेवर मात्र परत उलटली.

"थोडंसंच कमी पडतंय," तो म्हणाला. "चाकाला पाच औंस तरी हवेत. आणि पट्ट्या आत हलतात."

मी दुसऱ्या दिवशी एक अख्खी बादलीच त्याच्या दारात नेऊन ठेवली.

त्याने चुलतभावाकडून ॲल्युमिनियमचा साचा करून घेतला. गॅरेजमध्ये कॅम्पिंगच्या शेगडीवर जुन्या पातेल्यात शिसं वितळवायचं आणि साच्यात ओतायचं. बांगडीसारखं गोल कडं निघायचं, चाकात घट्ट बसेल असं. मात्र कडांना खरखर राहायची, ती कानशीने घासावी लागायची. जानेवारीत गॅरेजमध्ये बोटं आखडायची, म्हणून घासायचं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं. वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. एक कडं तो घासायचा, एक मी. रुपेरी भुसा पडायचा. मग तो कागद मागच्या दाराबाहेर झटकायचा आणि टेबल ओल्या फडक्याने पुसायचं, की झालं.

"माझ्या टेबलावर काय कारखाना मांडलाय तुम्ही?" रेनाटा म्हणायची.

"कारखाना नाही, सराफी," मी म्हणायचो. "बांगड्या करतोय तुझ्यासाठी."

"आधी हात धुवा, सराफ. टॉर्टिया वाढतेय."

आणि टेबलाखाली इनेझ असायची. माझी नात. त्या जानेवारीत ती अकरा महिन्यांची होती, नुकतीच रांगायला लागली होती. ट्रेंटने खुर्चीवर टाकलेलं कामाचं जाकीट ती खाली ओढायची, त्यावर बसायची आणि त्याची चेन चोखायची. तिला दात येत होते. खुर्चीचा पाय, माझ्या बुटाची नाडी, सगळंच ती तोंडात घालायची. मी तिला उचलून मांडीवर घ्यायचो. त्याच हातांनी.

मार्चमध्ये ट्रेंटची जीप ती भिंत चढली. कडेवर क्षणभर अडली, पुढच्या चाकांनी दगड धरला आणि ती वर गेली. आम्ही दोघांनी एवढी आरोळी ठोकली की पलीकडे फिरायला आलेल्या बाईने कुत्रा जवळ ओढून घेतला.

एप्रिलमध्ये रेनाटा इनेझला तपासायला घेऊन गेली. तिथे सगळ्याच लहान मुलांचं शिशासाठी रक्त तपासतात. बोटाला टोचतात आणि दोन थेंब घेतात. आकडा जास्त आला, म्हणून शिरेतून परत घेतलं. तो आला एकतीस. साडेतीनच्या वर आला तरी डॉक्टर घरी फोन करतात, हे मला तेव्हा कळलं.

फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. ट्रेंट कार्ल्सबॅडला होता. आरोग्य खात्याच्या बाई होत्या, त्सोसी नावाच्या. रेनाटाने फोन स्पीकरवर टाकला आणि इनेझला कडेवर घट्ट धरून उभी राहिली.

"घर किती जुनं आहे तुमचं?"

"चौऱ्याण्णव सालचं."

"मग रंगातून नसावं. मातीची भांडी वापरता का? मेक्सिकोकडची, चकाकणारी?"

रेनाटाने ओट्याकडे पाहिलं. तिथे डेल्फिनाचं बीन्सचं भांडं होतं. मेक्सिकोतल्या ह्वारेझच्या बाजारातून तिने आमच्या लग्नाच्या वर्षी आणलं होतं, तपकिरी, काठाला हिरवी वेल. रेनाटा दर आठवड्याला त्यातच बीन्स शिजवायची. इनेझला त्यातलेच कुस्करून भरवायची.

"आहे एक," ती म्हणाली.

"ते आजपासून बंद. मी येईन तेव्हा तपासते. बरं, घरात कोणी शिशाचं काम करतं? मासेमारीच्या गळाची वजनं, बंदुकीच्या गोळ्या, असलं काही?"

"नाही." मग ती माझ्याकडे वळली. "डॅड, तुझ्या दुकानात असतं का शिसं?"

मी म्हणालो, "आता सगळं लोखंडाचंच येतं."

वाक्य खरं होतं. तिला वाटत होतं की ती कडीही लोखंडाचीच आहेत. तिने कधी विचारलं नव्हतं आणि आम्ही कधी सांगितलं नव्हतं. मला त्याच क्षणी कळलं होतं, हे मी आज लपवत नाही. आकडा ऐकला तेव्हाच माझ्या जिभेवर ती चव आली होती, गोडसर, कानशीच्या भुशाची. पण तोंडातून निघालं ते भलतंच. आणि एकदा निघाल्यावर दर मिनिटाला ते मागे घेणं अवघड होत गेलं.

त्सोसीबाईंना यायला नऊ दिवस लागणार होते. सगळ्या परगण्याला त्या एकट्याच होत्या.

फोन ठेवल्यावर रेनाटाने इनेझला माझ्याकडे दिलं, भांडं उचललं आणि मागच्या अंगणात गेली. ते तपासणीसाठी ठेवायचं होतं, पण ती ऐकण्याच्या पलीकडे होती. तिने ते सिमेंटवर आपटलं. एकदा आपटून त्याचे दोनच तुकडे झाले, तेव्हा एक तुकडा उचलून पुन्हा आपटला. "आईच्या हातचं म्हणून," ती म्हणत होती, "आईच्या हातचं म्हणून मी माझ्या मुलीला..." मी दारात उभा. इनेझ माझा कान ओढत होती. मी काही बोललो नाही. भांडं माझ्या बायकोचं होतं आणि त्याचा काही दोष नव्हता, तरी मी काही बोललो नाही.

संध्याकाळी तिने ट्रेंटला फोन केला, भांड्याचं सांगितलं. तिकडे यंत्रांचा आवाज होता. "फोडलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. एवढ्या लांबून, दमलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आकडा ऐकून तो घाबरला होता आणि कारण सापडलंय म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं होतं.

रेनाटा दातांच्या दवाखान्यात कामाला जाते. मंगळवारी इनेझ माझ्याकडे असते. त्या मंगळवारी मी ठरवलं की आपणच सगळं निस्तरायचं. घर इतकं स्वच्छ करायचं की बाई येतील तेव्हा काही उरलेलं नसेल, आकडा आपोआप खाली येईल आणि कोणाला काही कळायची गरज राहणार नाही. गॅरेजमधली उरलेली वजनं, कडी, साचा, पातेलं, सगळं मी माझ्या ट्रकमध्ये भरलं. मग झाडू घेतला. टेबलाखालचा गालिचा अंगणात नेऊन बडवला. स्वयंपाकघर, बैठकीची खोली, मधली वाट, सगळीकडे व्हॅक्यूम फिरवला, दोन-दोनदा. इनेझला त्या यंत्राचा आवाज आवडायचा. ती टाळ्या पिटत त्याच्यामागून रांगत होती, खिडकीतून येणाऱ्या उन्हात. उन्हात धूळ दिसत होती. मला वाटलं, निघतेय.

दुसऱ्या गुरुवारी त्सोसीबाई आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, केस घट्ट बांधलेले. दारातच त्यांनी बुटांवर कापडी पिशव्या चढवल्या. त्यांच्याकडे ड्रिल मशीनसारखं एक यंत्र होतं. वस्तूला टेकवलं की ते आकडा दाखवायचं.

रेनाटाने भांड्याचे तुकडे एका पिशवीत भरून ठेवले होते. बाईंनी एकेक तुकडा तपासला.

"यात नाहीये काही," त्या म्हणाल्या. "नसल्यातच जमा. चांगलं भांडं होतं."

रेनाटा हसली, चुकीच्या जागी हसतो माणूस तसं. "म्हणजे?"

"म्हणजे दुसरीकडे शोधायला हवं."

खिडकीच्या चौकटी, भिंती, नळ, काही नाही. मग त्यांनी यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाला टेकवलं आणि परत एकदा टेकवलं. खुर्चीला, जमिनीच्या फटीला, ट्रेंटच्या जाकिटाला लावलं. एका कागदावर त्या नुसतं लिहीत गेल्या. शेवटी त्यांनी व्हॅक्यूमची पिशवी प्लॅस्टिकमध्ये धरून तपासली आणि थांबल्या.

"हे कोणी फिरवलं?"

"मी," मी म्हणालो. "मंगळवारी."

"बाळ घरात होतं?"

"होतं."

त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "या यंत्रातून बारीक धूळ गाळली जात नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "मागून हवेत परत येते. घरभर बसते. ओल्या फडक्याने पुसायचं असतं, फक्त ओल्या." मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "तुम्ही काय काम करता?"

मी सगळं सांगितलं. बादली, साचा, कानशी. जाकीट. ट्रकमध्ये काय भरून नेलं तेही. रेनाटा ओट्याला टेकून ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"मी भांडं फोडत होते तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

तिने मान हलवली, जणू मी तिला वेळ सांगितली. मग आत जाऊन इनेझचे कपडे बॅगेत भरू लागली. त्सोसीबाईंनी तिला सांगितलं, हे कपडे नको, इथलं काहीच नको. तेव्हा तिने बॅग तशीच सोडली आणि इनेझला एका नव्या टॉवेलमध्ये गुंडाळून निघाली. ट्रेंटची बहीण डुरँगोला असते, तिच्याकडे. जाताना बाईंनी इनेझचं रक्त परत घेतलं. छत्तीस आलं.

मी दवाखान्यात फोन केला. म्हटलं, औषध द्या, रक्त बदला, काय लागेल ते करा. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं. पंचेचाळीसच्या वर गेलं तर औषध देतात. त्याखाली औषधाचा त्रासच जास्त. शिशापासून लांब ठेवायचं, लोह असलेलं खाणं द्यायचं, दूध द्यायचं आणि थांबायचं. रक्तातलं हळूहळू उतरतं. हाडात गेलेलं बरीच वर्षं राहतं.

"आणि डोक्यात गेलेलं?" मी विचारलं.

"ते आत्ता नाही सांगता येत. शाळेत जायला लागली की लक्ष ठेवू."

माझंही रक्त तपासलं. सतरा. माझे डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वयात हे फारसं मनावर घेऊ नका." मी त्यांना विचारणार होतो की माझं तिला आणि तिचं मला करता येतं का. नाही विचारलं.

ट्रेंट शुक्रवारी आला. मी त्याच्या घराच्या पायरीवर बसून होतो. त्याने मला मारावं, निदान शिव्या तरी द्याव्यात, अशी माझी तयारी होती. तो माझ्या शेजारी बसला.

"रेनाटाने सांगितलं मला," तो म्हणाला.

"मी फोनवरच बोलायला हवं होतं."

"वितळवलं मी, एलॉय. माझ्या जाकिटावर बसायची ती." त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर उलटे-सुलटे करून पाहिले. "डब्यावर लिहिलेलं असतं ना, लहान मुलांपासून दूर ठेवा म्हणून. तुमच्या बादलीवर काहीच लिहिलेलं नव्हतं."

तो टोमणा नव्हता. तो खरंच त्या बादलीवरची अक्षरं आठवायचा प्रयत्न करत होता.

आठवडाभर आम्ही गुडघ्यांवर बसून घर पुसलं. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची. फडकं एकदाच वापरायचं आणि पिशवीत टाकायचं. कोपऱ्याकडून दाराकडे यायचं. गालिचे, सोफा, टेबल, सगळं बाहेर गेलं. शिसं कचऱ्यात टाकता येत नाही; घातक माल गोळा करायचा एक ठरलेला शनिवार असतो, तोपर्यंत ते झाकण लावून ठेवलं. त्या दिवशी रांगेत आमचा नंबर आला तेव्हा तिथल्या माणसाने एक कडं हातात घेऊन तोललं.

"सुरेख ओतलंय हो," तो म्हणाला. "क्रॉलरच्या चाकात ना? माझ्याकडेही आहे एक."

"तुझ्या घरात लहान मूल आहे?" ट्रेंटने विचारलं.

तो माणूस गोंधळला. ट्रेंटने त्याला काहीच सांगितलं नाही. गाडीत येऊन त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मागची गाडी हॉर्न वाजवेपर्यंत तसाच बसून राहिला.

मी माझी उरलेली बादलीही दिली. दुकानात शिशाबद्दल पाटी लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागलो. काही ऐकतात. काही म्हणतात, "आम्ही लहानपणी शिशाचे सैनिक चघळले, काय झालं आम्हाला?" मी त्यांचं टायर बदलून देतो.

मे महिन्यात एकोणतीस आलं. जूनमध्ये पंचवीस. जुलैत परत पंचवीस. त्या महिन्यात ट्रेंट फोनवर कोणाशी धड बोलला नाही. ऑगस्टमध्ये एकवीस.

जूनच्या शेवटापासून रेनाटा मला डुरँगोला येऊ देते. तिची एक अट आहे. मागच्या पडवीत एक पिशवी टांगलेली असते, त्यात माझे तिथलेच कपडे आणि चपला. आधी पडवीतल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, नखं ब्रशने घासायची, तोंड धुवायचं, कपडे बदलायचे, मग आत. ती दारात उभी राहून बघते. पहिल्या वेळी मी शर्टाची बटणं लावत असताना ती म्हणाली, "परत धू." मी परत धुतले. भांड्याबद्दल ती त्यानंतर कधीच बोलली नाही. मी एकदा बोलायला गेलो, तर म्हणाली, "डॅड, आत्ता नको. मला आत्ता त्याच्यासाठी जागा नाहीये."

सप्टेंबरातल्या एका दुपारची गोष्ट सांगतो. इनेझ दीड वर्षाची होऊन गेली होती. चालते, हसते, डाळ-भाजी नाक मुरडून का होईना खाते. शब्द चार आहेत. मामा, नो, कुत्र्यासाठी एक, आणि मला 'पो', ग्रॅम्पो म्हणजे आजोबा, त्यातलं शेवटचं. डॉक्टरीणबाई म्हणतात, काही मुलं उशिरा बोलतात. रेनाटाही दोन वर्षांची होईपर्यंत फारसं बोलली नव्हती. डेल्फिना असती तर तिला नक्की आठवलं असतं किती.

आम्ही तिघं जमिनीवर बसलो होतो. इनेझ लाकडी ठोकळे एकावर एक ठेवत होती. दोन राहायचे, तिसरा पडायचा. पुन्हा दोन, तिसरा तिरका, पडला. चौथ्यांदा तिने सगळे हाताने उधळले, पालथी पडली आणि जमिनीवर कपाळ आपटत किंचाळायला लागली. मी आणि रेनाटा दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. उचलायचं आमच्यापैकी कोणालाच लगेच सुचलं नाही. आम्ही मोजत होतो, किती वेळ, किती जोरात.

मग रेनाटाने तिला पोटाशी घेतलं. मुलीच्या डोक्यावरून ती माझ्याकडे पाहत होती.

"एवढं तर सगळीच मुलं करतात ना, डॅड?"

मी तोंड उघडलं. तिला 'हो' ऐकायला किती हवं होतं ते मला दिसत होतं, आणि तो शब्द जिभेवरच होता.

"मला माहीत नाही, बेटा," मी म्हणालो.

इनेझचं रडणं ओसरत ओसरत हुंदक्यांवर आलं. मग रेनाटा उठली, तिला माझ्या मांडीवर ठेवलं आणि दूध गरम करायला आत गेली. इनेझने माझ्या तिथल्या स्वच्छ शर्टाला नाक पुसलं. मी माझे दोन्ही हात जमिनीवर टेकून ठेवले होते. तिने त्यातला एक उचलला, बोटं उघडली आणि आतल्या बाजूला काय आहे ते बघू लागली.